हरणाचं मटण

परदेशी माझ्याकडे राहायला आलेल्या आईला त्या डोंगरावर न्यायची अक्कल माझीच. आम्ही राहतो त्या लोअर हटहून तासाभरावर आहे, चढ बेताचा आहे, असं मैत्रिणीने सांगितलं आणि मी भुलले. कसला बेताचा! निम्मी वाट म्हणजे नुसते सुटे दगड. वर ते शिकारीला मोकळं ठेवलेलं सरकारी रान. कार पार्कमध्येच पाटी होती : आत शिकारी असतात, भडक रंगाचे कपडे घाला. आईच्या पंजाबी ड्रेसवर मी माझं केशरी जॅकेट चढवलं. "काहून वं, मले हरीण समजतीन का?" म्हणत ती खो खो हसली.

मैत्रीण आणि तिचा नवरा त्यांच्या गाडीने आले होते. दोघं पुण्याचे. अडीअडचणीला धावून येणारी माणसं, पण "आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद" हे दर दोन भेटींमागे सांगणार. आम्ही नागपूरचे बौद्ध. आडनावावरून ते कळत नाही, आणि मी कधी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे जेवायला जाताना मी साबुदाणा वडे नेते, आणि वर "आमच्याकडे हेच आवडतं" म्हणते. त्या दिवशीही निघताना आईला बजावलं होतं, "त्यांच्यासमोर मटणाबिटणाचा विषय काढू नकोस."

"काहून?"

"उगाच."

आई खिडकीबाहेर बघत बसली. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं.

उतरताना आई घसरली. गुडघा सोलवटला, आणि मग धसक्याने तिचा पाय पुढे पडेना. आम्ही तिघं नुसते "हळू, हळू" करत उभे. तेवढ्यात वरून एक शिकारी आला. पन्नाशीचा, खांद्याला बंदूक, पाठीवरच्या पिशवीतून हरणाची तंगडी डोकावत होती. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, बंदूक रिकामी असल्याचं आधी दाखवलं आणि आईच्या पुढे जाऊन उभा राहिला. बुटाने दगड दाबून जागा पक्की करायची, मग तिला पाय ठेवायला सांगायचं, असं करत त्याने तिला खाली आणलं. आईने त्याचा खांदा घट्ट धरला होता. ती मराठीत, तो इंग्रजीत, दोघांच्या गप्पा मात्र जोरात चाललेल्या. "किती मोठं होतं बाप्पा?" असं तिने हात पसरून विचारलं, तर त्यानेही हात पसरून दाखवलं.

कार पार्कमध्ये त्याने पिशवी उघडली, पाठीच्या मांसाचा चांगला मोठा तुकडा कापून कागदात गुंडाळला आणि आईसमोर धरला. "फॉर युअर मम. शी इज टफ ॲज," मला म्हणाला. म्हणजे आई भलतीच काटक.

आईचे हात पुढे झालेच होते. मैत्रीण बघत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉरी, वी आर व्हेजिटेरियन."

बिचारा तोच ओशाळला. त्याने माझी माफी मागितली! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात मैत्रीण आईकडे वळली. "हो का काकू, तुम्हीपण नाही खात? मला वाटलं..." पुढचं तिने गिळलं. हे 'मला वाटलं' ऐकायला लागू नये म्हणून तर इतकी वर्षं वडे तळत होते मी.

आता आई काय बोलते! माझी आई शाळेत असताना कुणी डब्यावरून नाक मुरडलं, तर डबा मुद्दाम त्याच्यासमोर उघडून जेवणारी. तिने पुढे केलेले हात मागे घेतले, जॅकेटला पुसले. आणि कधी न बोललेल्या त्या शुद्ध मराठीत, सावकाश म्हणाली, "नाही हो. आमच्यात चालत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर मी उलट तिच्यावरच डाफरले, "तू कशाला खोटं बोललीस? मी बोलले ते बोलले!"

ती गुडघ्यावरचं रक्त रुमालाने टिपत होती. मान वर न करता म्हणाली, "मी त पुढच्या महिन्यात नागपूरले जाईन वं. तुले राहाचं हाये न त्यांच्यात."