पापडाच्या पाळीला जँगो सापडेना

नंदुरबारजवळच्या कोरीटला आमच्या घरी नवा पाहुणा आला की चहाच्या आधी प्रश्न येतो, ‘सूनबाई काय करते?’ आईचं, म्हणजे गजराबाईचं, उत्तर दर वेळी वेगळं असतं. कधी ‘कॉम्प्युटरचं’, कधी ‘ऑनलाइनचं’, आणि पाहुणा फारच खोदायला लागला तर ‘चहा ल्या, थंडा व्हई ऱ्हायना.’

सूनबाई म्हणजे माझी चारुलतावहिनी. माहेर शहाद्याचं, शिक्षण बीएस्सी. माझा मोठा भाऊ नवनीत पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात आहे, सुट्टी मिळाली की घरी येतो. वहिनी लग्नानंतर नंदुरबारच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळा वाईट नव्हती, पण कॉम्प्युटरशी भांडण्यात वहिनीला जे सुख मिळतं ते सातवी ‘ब’शी भांडून मिळत नसे. म्हणून वेबसाइट बनवायचा ऑनलाइन कोर्स तिने लावला. तिच्या सुरतच्या मामेभावाने आपला जुना लॅपटॉप दिला. तो इतका मोठ्या मनाचा की आतलं स्वतःचं सामानही त्याने काढून घेतलं नाही.

नाशिकची एक लहानशी कंपनी घरी बसून काम करणारी शिकाऊ माणसं घेत होती. अट एकच, स्वतः बनवलेली साइट व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवायची. जमलं तर आमच्या ओट्यावर बसून नोकरी. नाही तर जूनपासून परत सकाळची एसटी आणि सातवी ‘ब’.

वहिनीने साइट बनवली पापडांची. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापड एकेका घरी लाटतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येतात. यजमानीण कितीही पोळपाट पुढे करो, दुसरीच्या पोळपाटावर कोणी बसणार नाही, हात बसत नाही म्हणे. पाळीवरून मात्र दर वर्षी भांडणं. वहिनीची साइट ज्याची त्याची पाळी ठरवून द्यायची. आणि या साइटने आमच्या घरची पाळी टाकली ती नेमकी नाशिकच्या कॉलच्या दिवशी.

वर आदल्या दिवशी, सगळं सुरळीत चालू असताना, वहिनीने लॅपटॉपमध्ये नवीन पायथन बसवलं. पायथन ही भाषा, जिच्यात तिची साइट लिहिलेली. का बसवलं? तर नवीन आलं होतं म्हणून. चालत्या गाडीचं चाक बदलायची हौस आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

सकाळी अंगणात बाया जमल्या. मोबाइलची रेंज ओट्यावरच येते, म्हणून वहिनीही तिथेच, एका बाजूला उडदाच्या लाट्यांचं ताट आणि दुसऱ्या बाजूला मी. कॉल अकराला होता. वहिनीने साइट चालू केली आणि पडद्यावर लाल-पांढऱ्या ओळींचा पूर आला.

मी घाबरलो. वहिनी नाही. ती सरळ शेवटच्या ओळीवर गेली. आमची आई लग्नपत्रिका अशीच खालून वाचते. वर गणपती, कुलदैवत सगळ्यांचंच असतं, कोणाचं नाव गाळलं ते खाली कळतं.

“जँगो नावाचं काही सापडत नाही म्हणतोय,” वहिनी म्हणाली.

जँगो म्हणजे साइटचं तयार सामान. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं, आपण ते आपल्या कामात मागवायचं. या मागवण्याला इम्पोर्ट म्हणतात.

“नसेल तर बसवा परत,” मी म्हणालो. मी एमएससीआयटी आहे.

तिने बसवायला सांगितलं. लॅपटॉप म्हणाला, जँगो आधीच बसवलेला आहे. तिने साइट चालू केली. लॅपटॉप म्हणाला, जँगो नाही.

“हा काय नवनीत आहे का?” वहिनी म्हणाली. “फोनवर म्हणतो निघालो, आणि असतो तिथेच.”

“बंद करून चालू करा.”

केला. आहे. नाही.

“वहिनी, जँगोचं स्पेलिंग...”

“भाऊ, तुम्ही लाट्या मोजा.”

साडेदहा झाले. वहिनी बोलायची थांबली होती, आणि वहिनी बोलत नाही तेव्हा आमच्याकडे कुत्रंसुद्धा अंगणात येत नाही. पदराने कपाळ पुसून ती म्हणाली, “जाऊ द्या. सातवी ‘ब’ काय मला खाणार नाहीये.” तिला सातवी ‘ब’ची बाजू घेताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते बरं वाटलं नाही.

तेवढ्यात अंगणात शेजारच्या सरलाबाईचं लाटणं थांबलं.

“तेल दे वं गजराबाई.”

“तेल शे ना! इतलं वाटकं भरी ठेयेल शे,” आई मान वर न करता म्हणाली.

“शे, पन तुन्हाजोडे शे. मन्हाजोडे कोठे शे?”

“ऊठ मंग.”

“मी उठसू तर मन्ही लाटी सुकी जाई!”

बाया हसल्या. वहिनी हसली नाही. ती सरलाबाईकडे बघत राहिली, मग लॅपटॉपकडे, आणि एकदम पुढे वाकली.

“आहे, पण कोणाजवळ आहे?”

तिने लॅपटॉपला पायथनचा पत्ता विचारला. दोन पत्ते आले. एक कालच्या नव्या पायथनचा. दुसऱ्यात मामेभावाचं नाव, म्हणजे त्याचं आत राहिलेलं जुनं पायथन.

“बघा, दोन बाया बसल्यात,” वहिनी म्हणाली. “तेल सुरतवालीजवळ आणि पापड लाटतेय नवीन. मी बसवायला सांगते ते प्रत्येक वेळी सुरतवालीला ऐकू जातं. ती म्हणते, माझ्याकडे आहे की! खोटं कोणीच बोलत नाहीये.”

“मग आता?”

“जी लाटणार, तिलाच सांगायचं, बाई, तुझं तेल तूच मागव.”

तिने हुकूम बदलून लिहिला, बसवायचं कामच नव्या पायथनला लावलं. या वेळी ‘आधीच आहे’ आलं नाही. सामान हळूहळू उतरू लागलं. मी मोबाइल रेंजसाठी डोक्यावर धरून उभा राहिलो, एमएससीआयटीचा तेवढा तरी उपयोग झाला.

साइट चालू केली. परत लाल ओळी.

मी कपाळाला हात लावला, तर वहिनी खूश. “वेगळी चूक आहे! जँगो सापडला, आता दुसरं काहीतरी मागतोय.” फोटो लावायचं एक सामान राहिलं होतं. तेही तिने त्याच वाटेने मागवलं, आणि पडद्यावर आमची गल्ली उघडली, एकेक नाव, एकेक पाळी.

कॉल आला. नाशिकच्या जागृती मॅडम वयाने वहिनीएवढ्याच. साइट बघून म्हणाल्या, “छान आहे, पण हे वापरणार कोण?”

वहिनीने लॅपटॉप अंगणाकडे फिरवला. पिठाचे हात तसेच ठेवून बाया जवळ आल्या. सरलाबाईने स्वतःचं नाव शोधलं आणि भुवया चढवल्या.

“मंगयवार? मंगयवारे मन्हा उपास ऱ्हास!”

“काकी, थांबा,” वहिनी म्हणाली, आणि तिथल्या तिथे पाळी बुधवारी नेली. मागच्या बाईची आपोआप सरकली. ती बाई लगेच भांडायला उठली.

जागृती मॅडम बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “चारुलता, सोमवारपासून सुरू करा. आणि आज सकाळी काय अडलं होतं, कसं सोडवलं, ते मला सविस्तर सांगायचं. साइटच्या मागे अजून लाल ओळी दिसतायत, काहीतरी घडलंय नक्की.”

वहिनीने सांगितलं. तेलाचं वाटकं, सुरतवाली, सगळं. सरलाबाईला यातलं फक्त एवढंच कळलं की तेल न देणारी बाई चुकीची होती, आणि ते तिने आईला दोनदा ऐकवलं.

आई वहिनीजवळ आली, पडद्याला हात न लावता वाकून बघितलं.

“चारू, ती नाशिकवालीनी पाळी कवय शे?”

वहिनीने लगेच यादीत जागृतीचं नाव टाकलं. पुढचा रविवार निघाला.

“तिले सांग,” आई म्हणाली, “पोयपाट आपला आपला लई येजो.”