बनुबाईचं पेव

माझा स्वभाव तापट आहे हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते आधीच कबूल करून टाकतो. दुसरं कबूल करायचं ते असं, की जन्मभर मी अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातला एक धडा मला कडेगावकडच्या एका बाईनं शिकवला. तिला सही करता येत नव्हती. अंगठा उठवायची, पण तोही काय रुबाबात!

एक्केचाळीस साली माझी बायको अनसूया गेली आणि साताऱ्यात माझा जीव रमेना. शाळेतली मास्तरकी सोडली आणि सांगलीला एका हळदीच्या अडतीवर पत्रव्यवहार लिहायला येऊन राहिलो. शेठजी म्हणाले, "मास्तर, शेतकरी भलत्या वेळी माल विकतात आणि शिव्या आम्हाला घालतात. त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा की." अमावास्येला सौदे बंद असत. त्या दिवशी दुपारी अडतीच्या ओट्यावर माझा वर्ग भरू लागला. दहा-बारा माणसं यायची, त्यातली निम्मी गार ओट्यावर डुलक्या काढायला. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

बनुबाई पहिल्यांदा आली ती बेचाळीसच्या वैशाखात. खांबाला टेकून बसली. पंचविशीची असेल. नवरा सयाजी महिन्यापूर्वीच पलटणीत गेला होता, आणि सासऱ्याचे डोळे गेलेले, म्हणून बाजाराचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. मी त्या दिवशी विहिरीचं उदाहरण देत होतो. "पन्नास फूट खणलं, पाणी नाही. आता आणखी खणायचं का? आधी किती खर्च झाला ते विसरा. गेलं ते गेलं. पुढं पाणी लागण्याची आशा किती आणि खर्च किती, एवढंच बघा."

"आवं मास्तर," खांबाकडून आवाज आला, "पर खणणाऱ्याचा जीव त्या भोकात गुतलेला असतो, त्याचं काय करायचं?"

ओट्यावर हशा पिकला. मी भडकलो. "जिवाचं अर्थशास्त्रात काही चालत नाही!" म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं.

पण बाई हुशार, हे मला दोन-तीन अमावास्यांत कळून चुकलं. मी सांगितलं होतं, की ज्या वावरात ऊस लावला त्यात हळद लावता येत नाही, म्हणून हातची गेलेली हळद ही उसाची खरी किंमत. इतरांनी माना डोलावल्या. बनुबाईनं घरी जाऊन तसा हिशेब घातला. त्रेचाळीस साली गुळाचा भाव चढला आणि तिच्या गावानं बांधापासून बांधापर्यंत ऊस लावला. ही म्हणाली, "समदं गाव गूळ करणार, तर खाणार कोण?" तिनं शाळू पेरला. पुढच्या साली गूळ पडला, धान्य महागलं आणि गावच्या बाया हिच्या दारात सल्ल्याला येऊन बसायला लागल्या. म्हैस विकू का, बियाणं आत्ताच घेऊ का, सगळ्याचा निकाल ही उभ्या उभ्या लावायची. मी वर्गात तिचे दाखले द्यायला लागलो. तिला ते आवडायचं. पदर तोंडाला लावून हसायची.

फक्त एका गोष्टीत तिचं शहाणपण कुठं जायचं कोण जाणे. ती गोष्ट म्हणजे हरिपूरचं पेव.

सांगलीपासून कोसभरावर हरिपूर. तिथली माती अशी, की जमिनीत रांजणासारखी खोल पेवं खणून त्यात हळद भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं हळदीला किडा लागत नाही. मात्र एकदा पेव फोडलं की सगळा माल काढून विकावाच लागतो, थोडा काढू थोडा ठेवू असं चालत नाही. सयाजीनं पलटणीत जाण्याआधी त्या सालची सगळी हळद अशा पेवात भरली होती आणि बायकोला सांगितलं होतं, "मी आलो की दोघं मिळून फोडू. तवर हात लावायचा न्हाई."

त्याची पत्रं त्रेचाळीसच्या पावसाळ्यापर्यंत आली. मीच ती वाचून दाखवायचो. 'पेवाकडं जाऊन येत जा,' हे प्रत्येक पत्रात असायचं. मग पत्रं थांबली, आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला तो बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला. तोही मीच वाचला. बनुबाई म्हणाली, "बेपत्ता म्हंजी मेला असं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "नाही, तसं नाही." "मग झालं," म्हणून ती उठली. त्यानंतर दर अमावास्येला वर्ग संपला की ती पायी हरिपूरला जायची, त्या दगडावरचा पालापाचोळा झाडायची, घटकाभर बसायची आणि गाडी गाठायची.

पंचेचाळीस साली हळद अशी चढली, की जुन्याजाणत्या व्यापाऱ्यांनी बोटं तोंडात घातली. मी तिला समजावलं. लढाई संपत आली आहे, भाव उतरणार, वाट बघण्यालाही किंमत असते, ती तुम्ही रोज मोजताय. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. दुसऱ्या कुणाचं पेव असतं तर मी बी ह्येच सांगितलं असतं."

आता माझ्या हातून जे घडलं ते सांगतो. तिचं भलं करायचं माझ्या डोक्यात बसलं. तिला न विचारता मी चार हमाल घेतले आणि हरिपूरला गेलो. चढ्या भावाचे पैसे तिच्या हातात ठेवले, की मग आपोआप तोंड गोड होईल, असा माझा हिशेब. अमावास्याच होती, सौदे बंद म्हणून हमाल मोकळे; पण ती इकडं येऊ नये म्हणून वर्ग मी मुद्दाम रद्द केला होता. हमालांनी लिंपण उकरलं, पेवात सोडायला कंदील पेटवला. आत कोंडलेल्या हवेत कंदील विझला तर माणूस उतरवत नाहीत. दगडाला पहार लावणार, तोच बनुबाई धावत आली. वर्ग नाही म्हटल्यावर ती थेट इकडंच आली होती. येऊन सरळ दगडावर मांडी घालून बसली.

"फोडा. माज्यासकट फोडा."

"बनुबाई, खुळेपणा करू नका! अहो, हा भाव पुन्हा जन्मात येणार नाही!"

"भाव न्हाई येणार. पर ह्ये फोडलं की मग त्यांनी कशाला यायचं?" तिचा आवाज फाटला. "मास्तर, तुमी साताऱ्याच्या खोलीचं भाडं का भरताय वो? अडतीवरच्या मुनीमजींनी सांगितलं मला. चार वर्सं झाली, कोण ऱ्हातंय तितं?"

हमाल माझ्याकडं बघायला लागले. खरं होतं ते. मंगळवार पेठेतली ती दोन खणांची खोली, जिथं अनसूयेनं लावलेला दिनदर्शिकेचा खिळासुद्धा तसाच होता, ती मी सोडली नव्हती. दिवाळीला जायचो, कुलूप काढायचो, झाडलोट करून परत यायचो. वर्गात मात्र सांगायचो, गेलं ते गेलं! मला तिचा इतका राग आला, की मी हमालांना तिथंच सोडून चालत सांगलीला आलो. राग तिचा नव्हता, हे वाटेतच कळलं.

हमालांकडून तिनं लिंपण पुन्हा करून घेतलं, आणि त्यानंतर ती वर्गाला येईनाशी झाली. मला तो ओटा ओकाबोका वाटायचा. विहिरीचं उदाहरण देताना माझी नजर खांबाकडं जायची. लढाई संपली, पलटणी परतल्या, मिरजेच्या स्टेशनावर फेटे उडाले. सयाजी आला नाही. हळद उतरत उतरत निम्म्यावर आली, आणि मी प्रत्येक अमावास्येला मनात म्हणायचो, अजून तरी ये बाई.

ती आली सत्तेचाळीसच्या फाल्गुनात. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मला काही विचारावंच लागलं नाही.

"अर्जुना आला," ती म्हणाली. "त्यांच्याच पलटणीतला. तीन वर्सं इस्पितळात हुता. त्याच्या म्होरंच नदीत ग्येले. त्यानं डोळ्यानं बघितलं." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या पेव फोडायचं, मास्तर. तुमी या."

दुसऱ्या दिवशी पेव फोडलं. कंदील खाली जाऊन लख्ख जळत राहिला. पाच वर्षांपूर्वीची हळद जशी भरली तशी निघाली. पिवळीधमक. बनुबाईनं एक हळकुंड उचललं, हुंगलं आणि ओटीत ठेवलं. माल गाड्यांत भरून सांगलीला अडतीवर आणला.

सौद्याची आमची रीत अशी, की घेणारा आणि देणाऱ्याच्या बाजूचा माणूस उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, म्हणून बायका यात कधीच नसत. मी पुढं झालो, म्हटलं, "मी घालतो हात तुमच्या वतीनं." तिनं मान हलवली. पिशवीतून सयाजीचा पटका काढला, घडी मोडली आणि आपल्या मनगटावर टाकला. "दोघांनी मिळून फोडायचं ठरलं हुतं," म्हणाली.

सगळे खरेदीदार अवघडून उभे. शेवटी एक म्हातारा व्यापारी पुढं आला, पायातल्या वहाणा काढल्या, म्हणाला, "आण, लेकी," आणि पटक्याखाली हात घातला. तिनं त्याच्याशी चांगली घासाघीस केली. दोनदा हात मागं ओढला. त्या दिवशी बाजारात होता त्यापेक्षा चार आणे वरचा भाव घेऊनच तिनं पटका काढला.

माझी खोड जाते कुठं! माणसं पांगल्यावर मी बोलून गेलोच, "निम्मीच किंमत आली, बनुबाई. पंचेचाळीसला विकली असती तर..."

ती रागावली नाही. पटक्याची घडी घालत म्हणाली, "मास्तर, एक घेतलं तर दुसरं सोडावं लागतंय, तीच त्याची किंमत, ह्ये तुमीच शिकवलंसा न्हवं? रोज सकाळी उठून, आज येतील, असं वाटायचं मला. पाच वर्सं वाटलं. त्ये मी घेतलं आन् निम्मी हळद सोडली." तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "लय स्वस्तात पडलं वो."

पुढच्या अमावास्येला मी वर्ग ठेवला नाही. साताऱ्याला गेलो, खोली झाडली, अनसूयेच्या खिळ्याखाली थोडा वेळ बसलो आणि घरमालकाकडं जाऊन वर्षाचं भाडं आगाऊ भरलं. तो म्हणाला, "अहो मास्तर, राहत नाही तर कशाला हा खर्च?"

म्हटलं, "स्वस्त पडतंय."