पुलावरचा पिंपळ

जुन्या दगडी पुलाच्या कठड्याखाली, चुन्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलं होतं. वर पाटी होती : 'संरक्षित वास्तू. हात लावू नये.'

गावच्या सखूमावशी मला सांगत होत्या, "दर दिवाळीआधी आम्ही बायका कमरेला दोर बांधून उतरायचो, रोपं उपटायचो. सासूनं शिकवलं मला. आता उपटलं तर गुन्हा म्हणे!"

चौकीदार म्हणाला, "मावशी, वर अर्ज पाठवलाय."

"अर्ज पोचेस्तोवर मूळ पोचलं की रे आत!"

माझं डोकं तापलं. इतक्या पुरांनी न हललेला पूल आपण जपून जपून मारतोय.

मी कठड्यावरून वाकले आणि रोप ओढलं. चौकीदार ओरडला. माझ्या हातात नुसती पानं आली.