एक्स-रे बाई

आधी बाईंचा आवाज यायचा, मग शिटी, मग बाई. हिंगोलीच्या मैदानावर त्या बास्केटबॉल शिकवायच्या. मुलं त्यांना मागून ‘एक्स-रे बाई’ म्हणत, कारण कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचा घोटा मुरगळलाय, हे त्यांना न सांगता कळायचं. खेळाच्या वसतिगृहासाठी दरवर्षी त्या मोजकी मुलं निवडायच्या आणि त्या दिवशी झाडून सगळ्या आईबापांवर चिडलेल्या असायच्या.

निवडीची त्यांची रीत न्यारी होती. उड्या, पळणं झालं की मुलांना शाळेच्या माडीवर बसवायच्या आणि खालून ओरडायच्या, ‘पोहे झाले रे, या!’ मुलं जिन्यावरून सुसाट सुटायची आणि बाई पायथ्याशी उभ्या. ‘चढताना सगळेच शूर असतेत,’ त्या म्हणायच्या. ‘दुखरा पाय उतरताना बोलतो.’

दुखऱ्या मुलांना त्या नाकारायच्या असं मात्र नव्हे. एका वर्षी जवळा बाजारच्या लंगडणाऱ्या पोराला त्यांनी घेतलं, तेव्हा पालक भडकले. ‘धडधाकट लेकरं सोडून हे काहून?’

‘त्यानं दुखतं म्हणून सांगितलं. सांगणाऱ्याला मी खुर्चीत बसवून नेम शिकवीन. लपवणाऱ्याचं काय करू, तुमचं डोकं?’

ते पोरगं खरोखरच सहा महिने खुर्चीत बसून चेंडू टाकत राहिलं आणि पुढे विभागाच्या संघात गेलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बाईंवर विश्वास ठेवला नाही, याची चीड आजही जात नाही.

पुढे माझी लेक सविता आठवीत गेली. पुसेगावकडच्या आमच्या तांड्यावर इतकी उंच पोरगी कधी झाली नव्हती. उन्हाळ्यापासून तिचा उजवा गुडघा सुजत होता. मी शाळामास्तर, दवाखाना मला कळत होता. पण मी तिला ग्रामपंचायतीच्या जिन्यावर नेलं.

‘उतर. तोंड वाकडं करू नको.’

‘बाबा, लई दुखून राहिलं.’

‘एवढं एकदाच. मग जन्मभर दुखू दे.’

असं बोललो मी. पोटच्या पोरीला.

निवडीच्या दिवशी ती हसत उतरली. बाईंनी तिची पाठ थोपटली. दिवाळीच्या आधी एका सामन्यात उडीवरून खाली येताना तिच्या गुडघ्यातलं काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं, खेळ संपला. तांड्यावर सगळे नशीब म्हणाले आणि मीही मान हलवली. नशीब कसलं डोंबलाचं!

त्यानंतर बाई बदलल्या. जरा अडखळलेलं पोर दिसलं की घरी. दुखतं म्हणून सांगणाऱ्यालाही घरी. ‘बाई, थांबू की वर्षभर,’ म्हणत एका आईनं हात जोडले, तर म्हणाल्या, ‘मला आता कोणाचंच खरं वाटत न्हाई. न्या त्याला.’ पुतण्याला घेऊन मी तिथेच उभा होतो. त्या आईचं पोर डोळे पुसत गेलं आणि मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. मी औंढ्याला त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

‘म्हणजे तिला तुमी शिकवलं?’

‘हो.’

‘गुरुजी, दवाखान्यातून सुटल्यावर ती कुबड्या घेऊन माझ्याकडं आली होती. म्हणे, बाई, मीच लपवलं, बाबांना काहीच ठाऊक न्हाई. मी तिला दारातून हाकललं. पुढं बाजारात दिसली तरी तोंड फिरवलं. इतकी वर्षं!’

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. पोरीनं घरात कधी शब्द काढला नव्हता. मी माफ करा म्हणालो.

‘चूप!’ शेंगांचं सूप बाजूला सारत त्या उठल्या. ‘माझी कशाला माफी मागता? कुठं असते ती?’

‘हिंगोलीला. नर्सिंगच्या वसतिगृहात.’

‘बराबर पत्ता सांगा.’

पत्ता ऐकून त्यांनी स्कूटर काढली. मी येतो म्हणालो.

‘तुमी न्हाई,’ बाई म्हणाल्या. ‘तिच्यापुढं माझी लाज मला पुरे आहे. तुमची तुमी घेऊन जा.’

आणि मला अंगणात तसंच सोडून त्या निघून गेल्या.