गोळी, दाजी आणि व्हर्निअर

कॅल्क्युलसपायी माझी एकुलती एक बहीण मला कायमची तुटणार होती.

आमची लेक सानिका बारावीला. तिच्या सरांनी घरी करायला प्रयोग दिला. साखरेची गोल गोळी चघळायची, मिनिटामिनिटाला बाहेर काढून मोजायची आणि त्रिज्या अमुक वेगानं कमी होत असेल तर आकारमान कुठल्या वेगानं घटतं, ते शोधायचं. मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये कामाला. मोजायला व्हर्निअर मी आणला, म्हणजे प्रयोगाचा प्रमुखही मीच, असा माझा समज! (सानिकाच्या लेखी मी फक्त एक उपकरण होतो.)

"बाबा, चावायचं न्हाय. गिळायचं न्हाय. बोलायचं तर अजिबात न्हाय!"

"आगं, मला काय शिकवतीस? मी तुझ्याएवढा असताना..."

कडाम! पहिली गोळी गेली. दुसरीही अशीच आठवणी सांगताना गेली. पुडीत तीनच उरल्या, दुसऱ्या दिवशी सरांना आलेख दाखवायचा, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. मनाशी म्हटलं, आता जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही. मी, बायको आणि सानिका, तिघांनी एकेक गोळी तोंडात टाकली, घड्याळ लावलं, आणि दारात दाजी!

दाजी म्हणजे माझ्या त्या बहिणीचे यजमान, मुक्काम बिद्री. आमच्या वास्तुशांतीला सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि नेमके दाजींच्या वेळेला फेटे संपले. मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला! (चांगला होता हो, कोरा होता. पण टॉवेलच.) तेव्हापासून दाजींनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता आणि ताईलाही माहेरी येऊ दिलं नव्हतं.

असा माणूस आपल्या पायानं आला. कोल्हापुरात वाट चुकलेल्यालासुद्धा "या पावणं, च्या घ्या" म्हणून ओरडून आत घेतात. आणि आम्ही तिघं गाल फुगवून गप्प!

"काय, बरं हाय न्हवं?" दाजी बसत म्हणाले.

मी मान हलवली.

"तुझ्या ताईनं इचारलंय तुला."

मी हसलो. (तोंड मिटून हसलो की मी कुत्सित दिसतो, हे बायकोनं नंतर सांगितलं.) बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तोही मुक्यानं. सानिकानं तर दाजींकडे बघून चक्क ओठांवर बोट ठेवलं!

"कळलं की!" दाजी ताडकन उठले. "मी आपला मोठ्या मनानं आलतो. तुमचा अबोला सरंना, तर ऱ्हाऊ द्या. सांगतो तुझ्या बहिणीला, माहेर संपलं म्हणून!"

"दाऽऽजी!" मी किंचाळलो. गोळी घशात गेली ती तिथंच बसली. माझे डोळे पांढरे झाले. दाजी चपला टाकून धावले आणि त्यांनी पाठीत असा दणका घातला, की गोळी सुटली ती थेट तांब्यात. डुबुक!

"काढा, काढा! विरघळतीय ती!" सानिका ओरडली. (बाप नव्हे, गोळी!)

मग श्वास घेत घेत मी सगळा उलगडा केला. दाजी एवढे हसले, की शेजारी डोकावले. सानिकानं त्यांना समजावलं, "मामा, गोळी वरनंच विरघळती. मोठी असताना वरचा भाग मोठा, म्हणून भराभर घटती. बारकी झाली की सावकाश."

"म्हंजे रुसव्यासारखंच की! शेवटचा खडाच लई येळ ऱ्हातोय."

मी भीत भीत विचारलं, "तुमचा केवढा उरलाय, दाजी?"

"फेट्याएवढा."

तसाच उठून बाजारात गेलो. पुढच्या रविवारी ताई माहेरी आली, फेटा बांधलेल्या दाजींच्या मागे गाडीवर बसून. तिला दारात बघून मला खरंच भरून आलं.

सानिकाचा आलेखही सरांना आवडला. तिचे नि आईचे ठिपके शहाण्यासारखे रेषेवर बसलेत. तांब्यातनं काढलेल्या माझ्या गोळीचा एकच ठिपका पार खाली, एका कोपऱ्यात पडलाय. शेजारी तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'उपकरणात बिघाड'.