सैल कडी

शोभाताईंच्या स्टार्टरचं फक्त हिरवं बटन बदलायचं होतं. ते बदललं आणि मग मी चालता स्टार्टर बिघडवला.

अल्लीपूरला त्यांची भाजीची वाडी आहे. सकाळीच फुलकोबीची रोपं लावून झाली होती, पाणी द्यायचं बाकी होतं. मोटरीला लागणारी थ्री-फेज लाइन चारला जाणार ती थेट दुसऱ्या दिवशी येणार. ऊन असं की रोपं माना टाकायला लागली होती. माझ्याकडे दोन तास होते आणि काम पाच मिनिटांचं. म्हणून मला सफाई सुचली.

स्टार्टर म्हणजे मोटर चालू-बंद करायची पेटी. आत तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉईल म्हणतात. तिच्यातून वीज गेली की मधलं लोखंड चुंबक होतं, समोरची पट्टी ओढून घेतं आणि मोटरीला लाइन मिळते. वीज थांबली की चुंबकपणा जातो, पट्टी सुटते. एवढं मला येतं.

मेन बंद करून मी त्या लोखंडाचं तोंड पुसलं. तोंडावर तांब्याची एक बारीक कडी सैल हलत होती. आयटीआयमध्ये ती शिकवली असेल, त्या दिवशी मी नसेन. 'कोणाचा तरी जुगाड' म्हणून मी ती उपटली आणि मागे वाफ्यात भिरकावली. दुसऱ्या बाजूला तशीच कडी होती. ती घट्ट होती म्हणून वाचली.

मेन टाकला, बटन दाबलं. स्टार्टर भुंग्यासारखा घुं करायला लागला. पट्टी थरथरली, ठिणग्या उडाल्या. मी घाईनं बंद केला.

"भाऊ, मंगा तं हा असा गुरगुरत नव्हता," शोभाताई म्हणाल्या.

"व्होल्टेज कमी असेल."

मीटर लावला. व्होल्टेज उत्तम. स्प्रिंग काढून पुन्हा बसवली. घुं. कॉईल गेली असं ठरवून पिशवीतली नवी टाकली. नवीही घुं. तीन वाजले.

"तुमाले काही समजून राह्यलं का?"

"समजतंय," म्हणत मी विहिरीमागे गेलो आणि सुधाकरभाऊंना फोन लावला. वर्ध्यात मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

"तोंडावरच्या दोन्ही कड्या हायेत ना?"

"एक आहे."

"अन् दुसरी?"

"ती वाफ्यात आहे."

"फेकली? काऊन बे?"

मग त्यांनी सांगितलं. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. तेवढ्या वेळा चुंबकाची पकड सुटते, पट्टी मागे पळते, म्हणून घुं. बदलत्या चुंबकपणामुळे कडीत तिची स्वतःची थोडी वीज तयार होते. त्यामुळे तिच्या भागातली पकड जरा उशिरा ढिली पडते. दोघं पोतं उचलतात तेव्हा एकानं हात बदलला की दुसरा धरून ठेवतो, तसं.

मी फोन ठेवला, पिशवीतला मोठा चुंबक दोरीला बांधला आणि वाफ्यातून फिरवत निघालो. दोन खिळे मिळाले, एक वायसर मिळाला, विळ्याचं तुटकं टोक मिळालं.

"काय शोधून राह्यले?"

"तांब्याची कडी."

शोभाताईंनी दोरीकडे पाहिलं. "तांबं चिकटते का चुंबकाले?"

मी दोरी गुंडाळली. त्या खाली बसल्या आणि हातानं माती चाळत गेल्या. साडेतीनला कडी सापडली. ती खाचेत बसवून मी कडा ठोकून घट्ट केल्या. बटन दाबलं. टक्. मोटर चालू, आवाज नाही.

चारला लाइन गेली तेव्हा पाच ओळी कोरड्या होत्या. टाक्यातून बादल्या भरून मीच ओतायला लागलो. पेटीतली एखादी वस्तू आपल्याला कळली नाही, तर ती बिनकामाची असेलच असं नाही. आपण असू शकतो.

शेवटची ओळ भिजली. शोभाताईंनी रोपं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मोटरीपेक्षा बादलीच बरी जमते तुमाले."