मुरारचे मास्तर आणि त्यांच्या चिठ्ठ्या

२०१७ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि मास्तरांवर विश्वास ठेवावा असं मला त्यांच्यात काही दिसलं नव्हतं. भेटेल त्याला, ओळख असो नसो, ते एकच विचारायचे: "कुणाची फार आठवण येते, तेव्हा तुमच्या घरात काय म्हणतात?" भाजीवालीला विचारलं, पोस्टमनला विचारलं, एकदा तर विजेचं मीटर बघायला आलेल्या बाबूलाही विचारलं. सांगेल ते चिठ्ठीवर लिहायचे, खाली त्या माणसाचं नाव आणि मोहल्ला. मग चिठ्ठी झोळीत. शहाण्या माणसाचं हे काम नव्हे. आणि मास्तर तर चांगले शहाणे होते, रिटायर शिक्षक.

माझं शहराच्या कंपू भागात सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे घर. मास्तर मुरारहून यायचे, ही पहिली खोट. कारण मुरारला माझा मुलगा राहतो. सासऱ्याचं दुकान सांभाळायचं म्हणून तो बायकोच्या माहेरी राहायला गेला, तेव्हा मी त्याला सांगितलं, आपली माणसं दक्षिणेतून तलवार घेऊन इथे आली, घरजावई व्हायला नाही. आता हा उंबरा तुला बंद. त्याच्या आईनेही तिकडे जायचं नाही, हेही मीच ठरवलं. तिने ऐकलं. मुरार म्हणजे आमच्याच शहराचं दुसरं टोक, टेंपोने अर्ध्या तासावर. सहा वर्षं झाली होती.

मास्तर पहिल्यांदा आले ते चाक बसलं म्हणून. ट्यूब पाण्यात धरली तर एक बुडबुडा नाही. हवेचा वॉल हाताने सैल केलेला. मी शिकलो चौथीपर्यंत, पण काट्याने गेलेली हवा आणि माणसाने सोडलेली हवा मला वेगवेगळी कळते. आठवड्यात तीनदा हेच झालं, तेव्हा विचारलं, मास्तर, मुरारला हवा मिळत नाही का?

"हवा मिळते दादा, मराठी मिळत नाही. तिकडे सगळे 'याद आती है' म्हणतात आणि मोकळे होतात."

उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तराला मी जपूनच असतो.

चहा प्यायला ते आत जायचे, आमच्या मंडळींना वहिनी म्हणायचे. ही एरवी कुणाशी फार बोलत नाही, त्यांच्याशी बोलायची. मी हातोडी थांबवून कान द्यायचो. मुलाचा निरोप आतबाहेर होतोय, याची मला खात्री होती. चिठ्ठीवर नाव कशाला लागतं, असं एकदा दरडावून विचारलं, तर म्हणाले, "शब्द कुठेही मिळतो. तो कुणाच्या तोंडचा, ते कळायला नको?"

समानार्थी शब्द ही आपल्या हातून झालेली मोठी चूक, असं ते म्हणायचे. "ओढ, आस, हुरहुर, तळमळ, सगळे पोरांकडून एका दमात पाठ करून घेतले, दादा. हुरहुर दिवेलागणीला येते नि जाते. तळमळ कूस बदलायला लावते. आस धरता येते, सोडताही येते. ओढीचं तसं नाही, ती माणसाला विचारत नाही. हे एकाही पोराला सांगितलं नाही मी." मग मला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, आमच्यात असला शब्द नाही. गेला तो गेला. मास्तरांनी मान हलवली, आणि तरीही काहीतरी लिहिलं. ते मला खटकलं.

दिवाळीनंतर एका दुपारी ते आले ते निरोप घ्यायला. नजर कमी झाली होती, मुलगी नागपूरला घेऊन जात होती, कायमची. झोळी सायकलच्या हँडलला अडकवून ते चहाला आत गेले. आज नाही तर कधीच नाही, असा विचार करून मी झोळी मांडीवर घेतली. निरोप सापडला असता तर तिथेच फाडला असता.

अक्षर अक्षर लावत वाचलं. निरोप नव्हताच. कुणा पेन्शनर शिपायाची चिठ्ठी होती, हुरहुर: रजा मंजूर झाल्यापासून गाडी सुटेपर्यंत. मग हिचं नाव दिसलं. आस: भात दोघांचा टाकायचा असतो, हात तिसऱ्याचाही टाकतो. रोज उरणाऱ्या भातावरून मी हिला सहा वर्षं बोलत होतो.

त्याखालच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं. ओढ: शब्द सांगितला नाही. मुरारचा टेंपो समोर थांबला की यांच्या हातातला पाना थांबतो. उतरणारी माणसं संपली की पुन्हा फिरतो. कारण माहीत नाही.

दोनदा वाचलं. कारण माहीत नाही, असं लिहिणारा माणूस निरोप्या कसा असेल?

मास्तर बाहेर आले तेव्हा चिठ्ठ्या माझ्या मांडीवर पसरल्या होत्या. रागावले नाहीत. खिशातली पेन्सिल काढून पुढे केली. "चुकीचं असेल तर खोडा, दादा."

मी म्हटलं, माझा हात दुखतो म्हणून पाना थांबतो.

"मग तसं लिहू?"

ते पेन्सिल धरून उभे होते. शेवटी ती चिठ्ठी मीच झोळीत परत टाकली आणि त्यांच्या दोन्ही चाकांत हवा भरून दिली. पुढे त्यांची काही खबर नाही. झोळी माझ्या हाताशी उघडी टांगून ते आत गेले ते मुद्दामच, असा मला आजही संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. हिला म्हटलं, चांगलं लुगडं नेस, मुरारला जायचंय. ही माझ्याआधी टेंपोत जाऊन बसली. सुनेने दार उघडलं, मागे मुलगा येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं, मी हिला सोडायला आलोय, बस. आणि चपला काढून आत जाऊन बसलो.